एक कंबर, दोन काठ

सावरगावात गुपचूप कर्ज काढता येतं, गुपचूप बांध कोरता येतो. गुपचूप प्रेम करायला गेलेल्या एका जोडप्याची मात्र अजून दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड फेकून आठवण काढली जाते, त्यामुळे त्या बाबतीत कुणाला भरवसा देता येत नाही. कंबरदुखी तर मुळीच लपत नाही. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलं तरी जाताना गावाला चालीवरून निदान होतं आणि येताना तेच गाव हातात उपचार देतं. पथ्य घरपोच.

माझी कंबर गेली ती कंगवा उचलताना. कंगवा पलंगाखाली सरकला होता, मी वाकलो आणि पाठीतून अशी चमक निघाली की वाकलो तो तसाच राहिलो. माझ्या डोक्यावर आज जे काही उरलं आहे ते पाहता तो कंगवा तिथेच पडू दिला असता तरी संसाराचं काही अडलं नसतं. बायको धावत आली. मी काहीतरी शोधतोय असं समजून तीही शेजारी वाकली. आम्ही दोघांनी मिळून कंगवा काढला. ती उभी राहिली, मी राहिलो नाही.

खरी पंचाईत पुढे होती. आमच्या भागात कंबर दुखली की पहिला प्रश्न येतो, "काय उचललं?" सौसर-पांढुर्णा म्हणजे कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख. इथल्या माणसाची कंबर कापसाच्या गठ्ठ्याखाली नाहीतर संत्र्याच्या क्रेटखाली जाते. शेजारच्या काकाजींना मी खरं सांगितलं तर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "कंगवा? लोखंडाचा व्हता का?"

"तुमी सांगा ना, क्रेट उचललं म्हणून," बायकोने माहेरची अब्रू सांभाळत सुचवलं. संध्याकाळपर्यंत मी एक क्रेट उचललं होतं, रात्रीपर्यंत दोन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक बागायतदार पारावर बसल्या बसल्या म्हणाले, "पोळ्याच्या टायमाले संत्रं? आंबिया बहार तर अजून झाडाले हिरवा हाय. आणि मृगाचा तर उन्हाळ्यापूर्वीच गेला. यानं कोन्ता बहार उचलला बे?" सगळ्या पाराने माना डोलावल्या. खोटं बोलायचं तर बहार बघून बोलावं, एवढं मला कळायला हवं होतं. मग आम्ही गॅस सिलिंडरवर आलो. त्याला बहार नसतो.

आता थोडा भूगोल. आमचं घर जाम नदीच्या सावरगावच्या काठावर आणि बायकोचं माहेर पलीकडे पांढुर्ण्यात. पूल ओलांडला की सासर. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला, तेव्हापासून सासरची मंडळी आमच्याकडे येताना दौऱ्यावर आल्यासारखी येतात. या दोन काठांचं एरवी गूळपीठ असतं, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, नदीच्या मधोमध पळसाचं झाड झेंड्यासकट उभं केलं जातं आणि दोन्हीकडून दगड सुरू होतात. पांढुर्ण्याचे लोक ते तोडायला झेपावतात, सावरगावचे राखतात. या खेळात माणसं गेली आहेत, म्हणून त्यावर मी फार थट्टा करत नाही. सांगायचं एवढंच, की पोळा तोंडावर आला होता आणि दोन्ही काठांना सराव हवा होता. त्या वर्षी माझी कंबर हाच झेंडा झाला.

पहिला मारा आमच्या काठावरून. आईने एरंडाची पानं तव्यावर गरम करून, तेल लावून पाठीला बांधली. त्यावर विटेचा शेक. वीट आमच्या अर्धवट राहिलेल्या न्हाणीघराची होती. "विटेला तरी काम लागलं," असं बायको म्हणाली, आणि ते न्हाणीघर कुणामुळे अर्धवट राहिलं याची उजळणी शेक संपेपर्यंत चालली. मला कूस बदलून निघून जाता येत नव्हतं, ही संधी तिला लग्नानंतर प्रथमच मिळाली होती.

त्याने भागेना तेव्हा पायाळू आजीला बोलावलं. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळूची लाथ पाठीत बसली की भरलेली उसण निघते, ही आपल्याकडची जुनी समजूत. पायाळू माणसावर वीज पडते, त्याला जमिनीतलं धन दिसतं, असंही म्हणतात. आमच्या गल्लीतल्या या आजीवर वीज पडली नाही आणि धनही दिसलं नाही, त्यामुळे बिचारीकडे लाथेशिवाय दुसरी प्रॅक्टिस उरली नाही. तिने मला दाराकडे तोंड करून उंबऱ्याशी उभं केलं आणि नऊवारीचा काठ सावरला.

"कोन्त्या अंगाला हाय?"

"डाव्या, आजी."

"माह्या डाव्या का तुह्या डाव्या?"

हा प्रश्न तिने समोर येऊन विचारला म्हणून मी गोंधळलो. तेवढ्यात आई म्हणाली, "तिचा उजवाच पाय लागतो." शेजारीण म्हणाली, "नाही व माय, डावा." पाय आधी बाहेर आला तेव्हा कुठला होता, हे सांगणारी सुईण जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. शेवटी आजीने दोन्ही पक्षांचा मान राखत आधी उजव्याने आणि मग डाव्याने काम उरकलं. उसणीचं ठाऊक नाही, मी मात्र उंबऱ्याबाहेर निघालो. गुडघे फुटले. "कमरेत दुखते का आता?" आजीने विचारलं. गुडघ्यांचा एवढा आगडोंब झाला होता की कमरेकडे लक्षच जाईना. "नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "पाह्यलं?" आजी जमलेल्या लोकांना म्हणाली.

ही बातमी पूल ओलांडून गेली आणि जिल्ह्याचं ठिकाण खवळलं. "आमच्या जवायाले लाता मारता?" सासूबाईंनी फोनवर विचारलं. मी काय म्हणतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. साळा मोटारसायकल घेऊन आला. त्याने नागपूरहून माझ्यासाठी मुद्दाम कमरेचा पट्टा आणला होता. तो घातल्यावर मला वाकता येईना, बसता येईना, आणि जेवणही छातीशी येऊन थांबायला लागलं. "भाऊजी, हेच तर पाहिजे. आराम पडून रायला," साळा म्हणाला. मला बसवून त्याने पांढुर्ण्याला नेलं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याने माझ्या मणक्यांची वेगवेगळी विचारपूस केली.

तिथे सासरेबुवांच्या ओळखीच्या वैद्यांकडे कटिबस्ती. उडदाच्या पिठाचा गोळा मळून त्याचं कडं कमरेवर बसवतात आणि त्या आळ्यात कोमट तेल ओततात. निवलं की काढतात, पुन्हा कोमट ओततात. खरं सांगतो, सुख होतं. अडचण दोनच. पालथं पडून हलायचं नाही, आणि माणसाला नेमकी तेव्हाच शिंक येते. मी शिंकलो, बांध फुटला, तेल पाटासारखं मानेपर्यंत आलं. त्यात गरम तेल आणि उडदाचं पीठ यांचा संयोग झाल्यामुळे खोलीभर वड्यांचा वास सुटला होता. बाहेर बसलेल्या साळ्याने आत डोकावून विचारलं, "झाले का?" तो माझ्याविषयी विचारत होता की वड्यांविषयी, हे मला अजून कळलेलं नाही.

मधल्या काळात आणखी बरंच घडलं, ते भराभर सांगतो. आठवडी बाजारात पाताळकोटची म्हणून जडीबुटी विकणारा एक जण भेटला. तामियाकडच्या त्या खोल दरीत भारिया लोक राहतात, तिथल्या भुमकांना, म्हणजे वैदूंना, झाडपाल्याची खरोखरच जाण आहे. पण या विक्रेत्याच्या मुळ्या ज्या पेपरात बांधलेल्या होत्या तो अमरावतीचा होता. एका मित्राने टोचणारं लाकडी बेलन दिलं, त्यावर पाय फिरवायचे. ते रात्री अंधारात आईच्या पायाखाली आलं आणि घरातले रुग्ण दोन झाले. एक योगवाले शेजारी पहाटे येऊन भुजंगासन दाखवून गेले. त्यांचा भुजंग फणा काढायचा, माझा बिळातच राहायचा. सगळ्या आसनांत मला एकच साधलं, शवासन, आणि त्यातही मी घोरलो असं म्हणतात.

शेवटी पांढुर्ण्याला डॉक्टर. मी एकटा जाणार होतो, पण निघेपर्यंत आम्ही सहा जण झालो: बायको, साळा, सासूबाई, आई, काकाजी. काकाजींचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. ते कंगव्याचे पहिले साक्षीदार होते.

"पायात मुंग्या, बधिरपणा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी," साळा म्हणाला.

"पायातली ताकद कमी झाली?"

"पहिलेच नव्हती," बायको.

"लघवी-संडासवर ताबा आहे?"

खोलीत एकदम शांतता पसरली. दाराबाहेरच्या रांगेतले दोघे आत सरकले. "आहे," मी खाली बघून म्हणालो. "रात्रीतून दोनदा उठतेत पण," आईने भर घातली.

"ताप? वजन उतरलं?"

"वजन!" सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

डॉक्टरांनी पाय सरळ वर उचलून पाहिला, हातोडीने गुडघा ठोकला आणि सांगितलं, "धोक्याचं एकही लक्षण नाही, तेव्हा फोटो-बिटो नको. अशा बहुतेक कंबरा काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. अंथरुणात पडून राहू नका. चालत राहा, जमेल ते काम करा. फार दुखलं तर ही गोळी."

"एमआरआय नाही?" साळा.

"नाही."

"सुई तरी?" आई.

"नाही."

बाहेर आल्यावर दोन्ही काठांचं त्या मोसमात पहिल्यांदा एकमत झालं. डॉक्टर कच्चा आहे. "आपोआप बरं व्हाचं असन तं ह्याले पैसे कायचे?" असं सासूबाईंनी विचारलं आणि आईने त्यांचा हात हातात घेतला. माझ्या लग्नातसुद्धा या दोघींनी एकमेकींचा हात धरला नव्हता.

माझा भाचा नागपूरला फिजिओथेरपी शिकतो. त्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, कारण घरात तोवर सगळे होतेच.

"मामा, घाबरू नका. २०२० साली जगात जवळपास ६२ कोटी लोकांची कंबर दुखत होती."

"त्यातल्या किती जणांनी कंगवा उचलला होता?"

"कुणी काय उचललं हे महत्त्वाचं नसतं. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. आणि एमआरआयचा हट्ट धरू नका. काहीच दुखत नाही अशा माणसांच्या मणक्यांचे फोटो काढून पाहिलेत. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. केस पिकतात ना, तसंच ते."

केसांचा उल्लेख त्याने टाळायला हवा होता.

"आणि पट्टा?" साळ्याने छाती काढून विचारलं.

"२०२३च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. पट्टा नको, वजन लावून कंबर ओढणं नको, अल्ट्रासाउंडचा शेक नको. व्यायाम करा, मालीश चालेल, दुखणं म्हणजे काय हे माणसाला नीट समजावून सांगा."

साळ्याने खिशातून अर्धी बाहेर आलेली पावती पुन्हा आत ढकलली. आईला सगळ्या आरोग्य संघटनेतून एकच शब्द ऐकू आला होता. "मालीश चालते म्हणे. मी काय सांगत होती?"

"आणि ते सुयांचं काय रे? अ‍ॅक्युपंक्चर?" मी विचारलं. आमच्या ओळखीच्या एकाला त्याने फरक पडला होता.

"त्याची गंमत सांगतो. जर्मनीत एक मोठी चाचणी झाली, २००७ साली छापून आली. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण. एका गटाला नेमक्या जागी सुया. त्यातल्या ४७.६ टक्क्यांना सहा महिन्यांनी बरं वाटलं. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिथे ४४.२ टक्के. नेहमीचं औषध-व्यायाम घेणारे २७.४ टक्के."

मी हिशेब केला. "म्हणजे आजीचा पाय उजवा की डावा, याने काही बिघडलं नाही?"

"मामा, तसं नाही." तो जरा थांबला. "म्हणजे थोडं तसंच. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, हात लावतंय, आता बरं वाटणार आहे असं सांगतंय, याचाही भाग असतो. पण तुम्ही चाला. रोज चाला."

भाच्याची हीच चूक. त्याच्या उपचाराला ना वास, ना डाग, ना पथ्य, ना बिल. चालणं हा काय उपचार आहे? चालत तर बकऱ्याही असतात. फोन ठेवल्यावर काकाजी म्हणाले, "पोट्टं हुशार हाय, पण अजून लहान हाय." तरी दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी सकाळी नदीकाठाने चालायला लागलो. खरी शिकस्त चालण्याची नव्हती. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवायचं आणि उपाय सांगायचं, ते टाळण्याची होती.

आईचा नवस मात्र बाकी होता. सौसरजवळ जामसावळीला हनुमान आहे. आपल्याकडचे मारुती उभे असतात, उडते असतात, हा पिंपळाखाली निजलेला. मूर्तीच्या नाभीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि दूरदूरचे दुखणाईत, विशेषतः मनाने आजारी असलेले, तिथे येऊन राहतात. मंगळवार-शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. मी हात जोडले आणि म्हणालो, "आई, एवढा द्रोणागिरी उचलणाऱ्याला शेवटी आडवं व्हावं लागलं, तर..." आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. पण मला त्या निजलेल्या देवाविषयी एकदम आपलेपणा वाटला. निदान त्याला तरी कुणी विचारलं नव्हतं, काय उचललं म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सासुरवाडीला होतो. सासऱ्यांकडे अजून एक बैलजोडी आहे, ट्रॅक्टर आल्यावरही त्यांनी ती विकली नाही. संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जिथे जू टेकतं तो बैलाचा खांदा गरम पाण्याने धुतात, मग तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानाने हलके हलके शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतण देतात. बैल डोळे मिटून उभा होता. सासरेबुवा त्याच्या मानेवरून पान फिरवत होते. एक शब्द बोलत नव्हते. बैलाला पट्टा नाही, बेलन नाही, भुजंगासन नाही. जागतिक आरोग्य संघटना जे म्हणते ते सगळं त्याला मिळत होतं, आणि भाषण कुणाचं ऐकावं लागत नव्हतं. मला हेवा वाटला.

"मामाजी," मी धीर करून म्हणालो, "माणसाचा खांदा नाही का हो शेकत?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "जवाईबुवा, यानं वर्षभर वखर वढला. तुमी काय वढलं?"

मी गप्प बसलो. कंगव्याची बातमी पूल ओलांडून आली होती तर. पण दुसऱ्या बैलाचं आटोपल्यावर वाटीत तूप-हळद थोडी उरली होती. मामाजींनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "सदरा वर करा." पळसाचं पान कमरेवरून फिरलं. मीही डोळे मिटले. उद्याच्या जेवणाचं आवतण मात्र मला कुणी दिलं नाही.

पोळा झाला. गोटमारीच्या दिवशी सकाळी मी पाण्याची भरलेली कळशी उचलून ओट्यावर ठेवली आणि मग लक्षात आलं की काहीच दुखलं नाही. पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. बायको बघत होती. तिने ताबडतोब दुसरी कळशी आणून ठेवली.

संध्याकाळी दोन्हीकडचे लोक मिळून झेंडा चंडीमातेच्या देवळात घेऊन गेले. दगडांचं काय सांगावं? मागे एकदा प्रशासनाने त्यांच्या जागी रबरी चेंडूही देऊन पाहिले, पण लोक पुन्हा दगडांवर आले. अंधार पडल्यावर माझा भाऊ आणि माझा साळा आमच्याच ओसरीवर शेजारी शेजारी टेकले. एकाचा खांदा सुजलेला, दुसऱ्याचं कपाळ. दोघांनी देवीची भभूत लावली होती आणि दोघांपैकी एकालाही एमआरआय सुचला नव्हता. मागोमाग बाकीचे आले. माझी कंबर बरी झाल्याचं गावभर झालं होतं, आणि ती कुणी बरी केली हे ठरायचं होतं.

साळा म्हणाला, पट्टा. आई म्हणाली, आधी एरंड, मग मारुती. साळा म्हणाला, वैद्यांचं तेल मुरायला वेळ लागतो, ते आता मुरलं. योगवाले शेजारी म्हणाले, माझ्या देखत त्यांचा भुजंग दोन बोटं वर आला होता. भाच्याचं नाव कुणी काढलं नाही. चालण्याला साक्षीदार नसतो. डॉक्टरांचं नाव निघालं, पण ते "त्यानं तं काहीच केलं नाही" एवढ्यापुरतं. मामाजी कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते, मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. बैलाचं तूप जावयाला लावलं हे सासूबाईंना कळलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवशी स्वतःलाच पट्टा लागला असता.

आवाज चढायला लागले. एक काठ एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला, मधे मी. तेव्हा आईने समेट करायचा प्रयत्न केला. "जाऊ द्या ना आता. सगळ्यायनं थोडं थोडं केलं, त्यानंच बरं वाटलं त्याले."

उंबऱ्याशी बसलेली पायाळू आजी इतका वेळ गप्प होती. ती काठी टेकून उठली.

"थोडं थोडं काहून व माय?" ती म्हणाली. "लात काय म्या अर्धी मारली व्हती?"